केंटकी बास्केटबॉल: पुढच्या सीझनचा अंदाज बांधणं फॅन्सना एवढं अवघड का झालंय?

२८ मार्च २०२५. इंडियानापोलिस शहर. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा, म्हणजे 'मार्च मॅडनेस', शेवटच्या १६ संघांवर येऊन ठेपली होती. केंटकी विद्यापीठासमोर होता शेजारच्या राज्यातला टेनेसीचा संघ. याच टेनेसीला केंटकीने त्या सीझनमध्ये दोनदा हरवलं होतं. एकदा त्यांच्या घरी जाऊन ७८-७३ आणि एकदा स्वतःच्या घरी ७५-६४.

तिसऱ्यांदा मात्र जमलं नाही. हाफटाइमलाच केंटकी १५ गुणांनी मागे होता. शेवटी टेनेसीने ७८-६५ असा विजय मिळवला आणि केंटकीचा सीझन तिथेच संपला.

त्यानंतर फॅन्सनी तेच केलं जे कुठल्याही खेळाचे फॅन्स करतात. कुठे चुकलं याची यादी काढली. बचाव कमजोर होता, दुखापतींनी घात केला, अंगापिंडाने दणकट खेळाडू कमी पडले. आणि मग प्रश्न आला, पुढच्या वर्षी काय?

पण इथे एक अडचण आहे. ज्या संघाच्या चुका शोधल्या, तो संघ पुढच्या वर्षी मैदानात नसणार होता. नेहमी पहिल्या पाचात खेळणाऱ्यांपैकी एकटा ओटेगा ओवे परत येणार होता. बाकी चेहरे नवे. मग जुन्या चुकांच्या यादीचा उपयोग काय? आणि 'आपला संघ' म्हणजे नेमकं कोण?

हा प्रश्न आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कॉलेज संघाच्या फॅन्सना पडलाय. पण केंटकीत तो जरा जास्तच टोचतो. का, ते बघू.

एका कॉलेजच्या संघासाठी एवढा जीव का टाकतात?

केंटकी राज्यात आज एनबीएचा एकही संघ नाही. त्यामुळे राज्यातल्या मोठ्या वर्गासाठी लेक्सिंग्टन शहरातल्या विद्यापीठाचा 'वाइल्डकॅट्स' हाच घरचा संघ. त्यांचं मैदान असलेल्या रप अरीनात २० हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. विद्यापीठात कधी पाऊलही न ठेवलेले शेतकरी, खाणकामगार, ट्रकचालक या संघाला आपला मानतात.

इतिहासही तसाच आहे. केंटकीने आतापर्यंत आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीत. यापेक्षा जास्त फक्त यूसीएलएकडे आहेत, ११. केंटकीचं शेवटचं विजेतेपद २०१२चं.

म्हणजे २०२५पर्यंत १३ वर्षं झाली होती. इतर एखाद्या कॉलेजला शेवटच्या १६ संघांत पोहोचणं म्हणजे सणच वाटला असता. केंटकीत त्याला 'बरं झालं, पण...' असं म्हणतात. या 'पण'मध्येच सगळी चर्चा दडलेली आहे.

२०२४-२५मध्ये नेमकं काय कमी पडलं?

सीझनचा हिशेब होता २४ विजय, १२ पराभव. वरवर पाहता ठीकठाक. पण या २४ विजयांत कोण कोण होतं ते बघा.

नोव्हेंबरमध्ये ड्यूकला ७७-७२ हरवलं. डिसेंबरमध्ये गोंझागाला जादा वेळेत ९०-८९. जानेवारीत फ्लोरिडाला १०६-१००. आणि हाच फ्लोरिडा ७ एप्रिलला ह्यूस्टनला ६५-६३ हरवून देशाचा विजेता झाला. टेनेसीवर दोन विजय होतेच. देशातल्या पहिल्या पंधरातल्या संघांविरुद्ध केंटकीने आठ मॅच जिंकल्या. हा एका सीझनमधल्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा होता.

मग १२ पराभव कसे झाले? त्यांची यादी काढली की एक गोष्ट लगेच दिसते. १२पैकी ९ पराभवांत समोरच्या संघाने ८०पेक्षा जास्त गुण केले. एकट्या अलाबामाने केंटकीला तीनदा हरवलं आणि तीन मॅचमध्ये अनुक्रमे १०२, ९६ आणि ९९ गुण ठोकले. मिसिसिपीच्या 'ओल मिस' संघाने ९८, ऑबर्नने ९४.

फॅन्सचा पहिला मुद्दा त्यामुळे बरोबर होता. बचाव.

अर्थात नुसते गुण बघून बचाव वाईट ठरवणं चुकीचं आहे. केंटकीचे कोच मार्क पोप यांचा संघ वेगात खेळतो. चेंडू मिळाला की पळायचं आणि लवकर शॉट घ्यायचा. त्यामुळे मॅचमध्ये दोन्ही संघांना जास्त संधी मिळतात आणि दोघांचेही गुण वाढतात. म्हणून आता जाणकार फॅन्स मॅचमागे गुण मोजत नाहीत. चेंडू १०० वेळा ताब्यात आला तर किती गुण केले आणि किती दिले, असं मोजतात. केन पॉमेरॉय यांची 'केनपॉम' ही वेबसाइट याच पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे.

पण या मापानेही निष्कर्ष फारसा बदलला नाही. आक्रमणात केंटकी देशातल्या वरच्या संघांत होता. बचावात बराच खाली. अलीकडच्या बहुतेक विजेत्या संघांकडे पाहिलं तर ते दोन्ही बाजूंनी वरच्या वीस-पंचवीस संघांत असतात. एका पायावर पळून सलग सहा मॅच जिंकता येत नाहीत.

दुसरा मुद्दा दुखापतींचा. डिसेंबरमध्ये गोंझागाविरुद्धच्या मॅचमध्ये केर क्रिसाचा पाय मोडला आणि तो वर्षभरासाठी बाहेर गेला. त्यामुळे चेंडू सांभाळून खेळ उभा करण्याची जबाबदारी लामाँट बटलरवर पडली. त्याच्या खांद्याला दुखापत झाली. तो आत-बाहेर करत राहिला. जॅक्सन रॉबिन्सनचं मनगट दुखावलं आणि ऐन मार्चच्या तोंडावर त्याचा सीझन संपला.

इथे फॅन्समध्ये दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, सगळे धडधाकट असते तर हा संघ आणखी पुढे गेला असता. दुसऱ्या गटाचं म्हणणं, दुखापती सगळ्यांनाच होतात, आणि अलाबामाने पहिल्यांदा १०२ गुण ठोकले तेव्हा तर मार्च अजून दोन महिने लांब होता.

दुसऱ्या गटाचा मुद्दा जास्त भक्कम आहे. दुखापतींनी संघाची खोली कमी केली हे खरं. पण समोरच्या संघाच्या हातून चेंडू काढून घेणं, अंगाला अंग भिडवून रिबाउंड पकडणं, या गोष्टींत संघ सुरुवातीपासूनच मध्यम होता. सगळे खेळाडू फिट असते तरी हा प्रश्न उरला असताच.

आधीच्या कोचच्या काळात दुखणं वेगळं होतं

हे समजायला एक वर्ष मागे जावं लागेल. २१ मार्च २०२४ला तिसरं मानांकन असलेला केंटकी १४वं मानांकन असलेल्या ओकलंड विद्यापीठाकडून ७६-८० असा पहिल्याच फेरीत हरला. ओकलंडच्या जॅक गोल्की या खेळाडूने १० थ्री पॉइंटर मारले आणि ३२ गुण केले. तो त्याआधी खालच्या डिव्हिजनच्या कॉलेजात खेळून आलेला, वयाने मोठा खेळाडू होता.

केंटकीच्या त्या संघात रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम होते. तीन महिन्यांनी एनबीए ड्राफ्टमध्ये शेपर्ड तिसरा आणि डिलिंगहॅम आठवा निवडला गेला. म्हणजे गुणवत्ता भरपूर होती. कमी होता तो अनुभव.

कोच जॉन कॅलिपरी यांची पद्धतच तशी होती. शाळेतून नुकती बाहेर पडलेली, देशातली सर्वोत्तम १८-१९ वर्षांची मुलं आणायची. एक वर्ष खेळवायची. मग ती एनबीएत जाणार आणि पुढच्या वर्षी नवी मुलं येणार. २०१२चं विजेतेपद याच पद्धतीने आलं. २०१५चा संघ तर सलग ३८ मॅच जिंकला आणि ३९वी हरला.

पण २०२०नंतर ही पद्धत चालेनाशी झाली. कोविडमुळे २०२०-२१चा सीझन खेळाडूंच्या पात्रतेत मोजला गेला नाही. सगळ्यांना एक वर्ष जादा मिळालं. परिणाम काय झाला? लहान कॉलेजांच्या संघांत २३-२४ वर्षांचे, चार-पाच वर्षं मुरलेले खेळाडू दिसायला लागले आणि त्यांच्यासमोर केंटकीची १९ वर्षांची मुलं. २०२०-२१मध्ये संघाचा हिशेब ९ विजय आणि १६ पराभव असा झाला. २०२२मध्ये १५वं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सने पहिल्याच फेरीत हरवलं. २०२४मध्ये ओकलंडने. २०१९नंतरच्या पाच सीझनमध्ये केंटकीने मार्च मॅडनेसमधली एकच मॅच जिंकली.

एप्रिल २०२४मध्ये कॅलिपरी आर्कान्साला गेले. त्यांच्या जागी आले मार्क पोप. ते १९९६च्या विजेत्या केंटकी संघाचे कॅप्टन. कोच म्हणून मात्र त्यांनी तोपर्यंत मार्च मॅडनेसमधली एकही मॅच जिंकली नव्हती. तरीही त्यांच्या स्वागताला रप अरीना भरून गेला, कारण माणूस घरचा होता.

पोप आले तेव्हा हातात संघच नव्हता. स्कॉलरशिपवरचा एकही खेळाडू परत आला नाही. कोणी एनबीएत गेलं, कोणाची पात्रता संपली, काहीजण कॅलिपरींच्या मागोमाग आर्कान्साला गेले.

पोप यांनी काही आठवड्यांत नवा संघ जमवला आणि अगदी उलट पद्धतीने. बटलर सॅन डिएगो स्टेटमधून आला, कोबी ब्रे डेटनमधून, अँड्र्यू कार वेक फॉरेस्टमधून, अमारी विल्यम्स ड्रेक्सेलमधून, रॉबिन्सन बीवायूमधून. या पाचही जणांनी २०२०मध्ये कॉलेज बास्केटबॉल सुरू केलं होतं. पाचही जण पाचव्या वर्षाचे, कोविडच्या बॅचचे.

'अनुभव नाही' हे जुनं दुखणं एका फटक्यात गेलं. पण औषधाचा एक परिणाम ठरलेलाच होता. पाचही जणांचं ते शेवटचं वर्ष होतं. म्हणजे मार्च २०२५मध्ये संघ जिंको किंवा हरो, तो मोडणारच होता.

'पुढच्या वर्षी बघू' याला आधी अर्थ होता

कॉलेजच्या खेळात पराभवाचं दुःख सहन करण्याचा एक ठरलेला मार्ग होता. यंदा दुसऱ्या वर्षात असलेली पोरं पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षात येतील, शहाणी होतील, मग बघू.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हर्जिनियाचं. १६ मार्च २०१८ला पहिलं मानांकन असलेला व्हर्जिनिया १६वं मानांकन असलेल्या यूएमबीसीकडून ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधी १६व्या मानांकनाचे संघ पहिल्या मानांकनाविरुद्ध १३५ मॅच खेळले होते आणि सगळ्या हरले होते. व्हर्जिनियावर देशभर विनोद झाले. संघ फार सावकाश खेळतो, मागे पडला की गुण करता येत नाहीत, ही टीका फॅन्सनीही केली.

पण काइल गाय, टाय जेरोम, डिआंद्रे हंटर ही मुलं थांबली. कोच टोनी बेनेटही तेच. साधारण एका वर्षाने, ८ एप्रिल २०१९ला, याच संघाने टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ हरवून विजेतेपद मिळवलं. जखम ज्यांना झाली, औषधही त्यांनीच शोधलं.

याच बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये, सीझन तोंडावर असताना, निवृत्ती घेतली. कॉलेज खेळाच्या नव्या वातावरणासाठी आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

पण खेळाडू थांबले की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण उलटं आहे. २०२२मध्ये ते अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ६९-७२ हरले. पहिल्या पाचातले चार जण परत आले. सगळ्यांनी त्यांना सीझनच्या आधीच पहिला क्रमांक दिला. झालं काय? २० विजय, १३ पराभव, आणि मार्च मॅडनेसमध्ये प्रवेशच नाही. १९८५मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून सीझनपूर्व क्रमवारीतल्या पहिल्या संघावर अशी वेळ पहिल्यांदाच आली.

पुढच्या वर्षी केलेब लव्हसारखा मुख्य खेळाडू ॲरिझोनाला गेला. हॅरिसन इंग्रॅम आणि कॉरमॅक रायन हे दुसऱ्या कॉलेजांतून आले. आर. जे. डेव्हिस आणि आर्मांडो बेकॉट थांबले. या मिश्र संघाने २९ मॅच जिंकल्या आणि पहिलं मानांकन मिळवलं.

या दोन उदाहरणांतून फॅन्सना एक धडा घेता येतो. सगळे थांबले म्हणून संघ सुधारत नाही आणि सगळे बदलले म्हणूनही नाही. जे थांबले त्यांच्यात काय कमी होतं आणि जे आले ते नेमकी तीच उणीव भरतात का, हे बघावं लागतं.

नियम कसे बदलले?

तीन गोष्टी झाल्या.

एक, बदलीची मोकळीक. आधी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१मध्ये एकदा बदलायची सवलत मिळाली. एप्रिल २०२४मध्ये ही मर्यादाही गेली. अभ्यासात पास असेल तर खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतो. ज्याला जायचंय तो 'ट्रान्सफर पोर्टल' नावाच्या यादीत नाव टाकतो. २०२५च्या वसंतात पुरुष बास्केटबॉलच्या वरच्या डिव्हिजनमधून २ हजारांहून जास्त खेळाडूंनी नाव टाकलं. या डिव्हिजनमध्ये संघ आहेत साडेतीनशेच्या वर. म्हणजे सरासरी काढली तर संघामागे पाच-सहा जण.

दोन, जाहिरातीचे पैसे. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमाई करायची परवानगी मिळाली. त्यातून प्रत्येक मोठ्या विद्यापीठाभोवती देणगीदारांचे गट उभे राहिले. कागदावर जाहिरात, प्रत्यक्षात बऱ्याचदा पगार.

तीन, थेट विद्यापीठाकडून पैसे. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' खटल्यातल्या समझोत्याला मंजुरी दिली. १ जुलै २०२५पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटायची परवानगी मिळाली; २०२५-२६साठी मर्यादा होती प्रत्येकी २ कोटी ५ लाख डॉलर. सगळ्या खेळांचे खेळाडू मिळून ही मर्यादा आहे.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे लवकर कळेल. समजा दरवर्षी मेगा ऑक्शन असतं, रिटेन्शनची सक्ती नसते आणि कोणाला किती पैसे दिले हे जाहीरही होत नाही. मग पुढच्या वर्षीच्या संघाचा अंदाज कसा बांधणार? केंटकीचे फॅन्स आज तिथेच आहेत.

खेळाडूंच्या बाजूने पाहिलं तर हे बदल चुकीचे म्हणता येत नाहीत. इतकी वर्षं टीव्हीचे हक्क, तिकिटं, जर्सी यांतून विद्यापीठं आणि कोच कमावत होते. ज्यांच्या खेळावर हे सगळं चाललं त्यांना फक्त स्कॉलरशिप मिळायची. कोच कधीही दुसरीकडे जाऊ शकत होता, खेळाडू गेला तर शिक्षा. कॅलिपरी आर्कान्साला गेले तेव्हा त्यांना एक वर्ष बाहेर बसावं लागलं नाही.

उलट १ फेब्रुवारी २०२५ला ते आर्कान्साचा संघ घेऊन रप अरीनात आले. सोबत केंटकी सोडून गेलेली काही मुलंही होती. आणि आर्कान्साने ८९-७९ असा विजय मिळवला. त्याच महिन्यात आणि मार्चमध्ये ओटेगा ओवेने ओक्लाहोमाविरुद्ध दोनदा शेवटच्या क्षणी बास्केट करून केंटकीला एका गुणाने जिंकून दिलं. ओक्लाहोमा म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत त्याचं स्वतःचं कॉलेज. एका फॅनचं दुःख आणि दुसऱ्याचा आनंद, दोन्ही एकाच पोर्टलमधून आले.

मग २०२५-२६चा केंटकी कसा होता?

ओवे एनबीए ड्राफ्टसाठी नाव देऊन मे महिन्यात मागे फिरला. सरासरी १६ गुण करणारा हा खेळाडू परत येणं ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. त्याच्यासोबत ब्रँडन गॅरिसन, कॉलिन चँडलर आणि ट्रेंट नोआ हेही थांबले. २०२४मध्ये शून्य होते, २०२५मध्ये चार.

नवे खेळाडू बघितले तर पोप यांनीही बचावाबद्दलची तक्रार मान्य केलेली दिसते. अलाबामाचा मुहम्मद दिउबाते २०२५मध्ये केंटकीत आला. दणकट, रिबाउंडसाठी झगडणारा. ज्या संघाने तीनदा हरवलं त्याचाच गडी उचलला. विजेत्या फ्लोरिडाचा डेन्झेल ॲबर्डीन आला. ॲरिझोना स्टेटचा जेडन क्वेंटन्स आला, जो समोरच्याचे शॉट अडवण्यात तरबेज आहे. मलाकाय मोरेनो आणि जॅस्पर जॉन्सन ही केंटकीतलीच दोन गुणी मुलं शाळेतून थेट आली.

म्हणजे उणीव भरली? अर्धी भरली असं म्हणता येईल. कारण तीन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न, लांबून शॉट कोण मारणार? ब्रे, रॉबिन्सन गेले. पोप यांच्या खेळाचा पायाच थ्री पॉइंटर आहे. चेंडू सांभाळायला आलेला पिट्सबर्गचा जेलँड लो सरासरी जवळपास १७ गुण करायचा, पण त्याच्या थ्री पॉइंटरची टक्केवारी तिशीच्याही खाली होती. टुलेनचा कॅम विल्यम्स ४० टक्क्यांहून जास्त अचूक होता, पण तो त्याचा पहिलाच सीझन होता आणि समोरचे संघही तुलनेने हलके होते. बचाव दुरुस्त करताना आक्रमण अडखळलं तर फायदा काय?

दुसरा प्रश्न, क्वेंटन्स कधी खेळणार? त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट २०२५च्या सुरुवातीला फाटला आणि शस्त्रक्रिया झाली. १८ वर्षांच्या मुलाला घाईने उतरवणं धोक्याचं. तो सीझनच्या मध्यात आला तर ठीक, नाही आला तर बचावाचा अर्धा हिशेब कागदावरच राहणार होता. आदल्या वर्षी दुखापतींनी पोळलेल्या फॅन्सना ही काळजी वाटणं साहजिक होतं.

तिसरा प्रश्न, हे सगळे एकमेकांसोबत कधी शिकणार? आदल्या वर्षीचे खेळाडू एकमेकांना अनोळखी होते, पण त्यांतले बरेचजण पाच वर्षं मुरलेले होते. २०२५-२६चा संघ वयाने लहान होता. कोविडची बॅच सगळीकडेच जवळपास संपली होती, म्हणजे समोरचे संघही लहान होणार होते, हा त्यातला दिलासा. पण एसईसी या त्यांच्या गटातून २०२५मध्ये विक्रमी १४ संघ मार्च मॅडनेसमध्ये गेले होते. तिथे शिकायला वेळ मिळत नाही.

विजेत्या फ्लोरिडाकडे पाहिलं तर एक गोष्ट दिसते. वॉल्टर क्लेटन, विल रिचर्ड, अलाइजा मार्टिन हे त्यांचे तिन्ही मुख्य गार्ड दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. पण क्लेटन आणि रिचर्ड तिथे एकापेक्षा जास्त सीझन थांबले होते. पोर्टलमधून आणलेला खेळाडू दुसऱ्या वर्षीही टिकवता आला की फरक पडतो. ओवे आणि गॅरिसन परत येणं त्यामुळेच महत्त्वाचं.

आणि पैसे कोण देणार?

फॅन्सच्या चर्चेत हा प्रश्न आता बचावाइतकाच येतो. २०२५-२६साठीचे २ कोटी ५ लाख डॉलर सगळ्या खेळांत वाटायचे होते. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलकडे जातो, कारण उत्पन्न तिथून येतं. केंटकीलाही एसईसीत फुटबॉल खेळायचंच आहे. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सकडे फुटबॉलचा संघच नाही. तिथे बास्केटबॉलला वाटेकरी कमी.

एप्रिल २०२५मध्ये केंटकीच्या विश्वस्तांनी क्रीडा विभाग 'चॅम्पियन्स ब्लू' नावाच्या कंपनीच्या रूपात चालवायला मंजुरी दिली. उत्पन्नाचे नवे मार्ग शोधणं सोपं व्हावं हा हेतू. पण उत्पन्न शेवटी येणार कुठून? तिकिटं, देणग्या, टीव्ही आणि जाहिराती. यातलं पहिलं दोन सरळ फॅन्सच्या खिशातून येतं.

म्हणून फॅनची भूमिकाही बदललीय. पूर्वी तो फक्त बघायचा आणि ओरडायचा. आता संघात कोण येणार हे काही अंशी त्याच्या देणगीवर ठरतं. आणि ज्याच्यासाठी पैसे दिले तो खेळाडू एका वर्षात निघूनही जाऊ शकतो. पूर्वी २० वर्षांच्या पोराने शॉट चुकवला की 'अजून लहान आहे, शिकेल' असं म्हणायचे. आता 'एवढे पैसे घेतो आणि...' असं वाक्य सुरू होतं. पोरगा मात्र तेवढ्याच वयाचा आहे.

मग फॅन्सनी काय बघावं?

नोव्हेंबर २०२५मध्ये सीझन सुरू झाल्यावर केंटकीचे निकाल पाहून लगेच मत बनवणं घाईचं ठरलं असतं. आदल्या वर्षी ड्यूकला हरवल्यावर केंटकी थेट विजेतेपदाचा दावेदार वाटला होता आणि अलाबामाने तो भ्रम काढला. त्यापेक्षा दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवता येणार होती.

चांगल्या आक्रमणाच्या संघांना केंटकी किती गुणांत रोखतो? आदल्या वर्षीच्या बहुतेक पराभवांचं मूळ तिथे होतं. थ्री पॉइंटर पडत नसतील त्या दिवशी संघ रिबाउंड आणि बचावाच्या जोरावर मॅच काढू शकतो का? आदल्या वर्षी ते अवघड जायचं. आणि लो किंवा ओवे यांच्यापैकी एकजण बाहेर बसला तर चेंडू कोण सांभाळतो?

चौथी गोष्ट मार्च २०२६नंतर कळणार होती. किती जण थांबतात? केंटकीने २०२४मध्ये शून्यातून सुरुवात केली, २०२५मध्ये चौघांपासून. २०२६च्या वसंतात मोरेनो, जॉन्सन, चँडलर, नोआ यांच्यासारखी मुलं लेक्सिंग्टनमध्येच राहिली, तर 'पुढच्या वर्षी बघू' या वाक्याला पुन्हा थोडा अर्थ येणार होता. ती गेली, तर टेनेसीविरुद्धच्या पराभवानंतर काढलेली यादी फाडून फॅन्सना पुन्हा कोऱ्या कागदावर नवी यादी लिहायला घ्यावी लागणार होती.